नव्या लष्करी गाड्या चिखलातून कशाच्या जोरावर जातात?

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा: "मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. अमेरिकेत हम्वी या जुन्या लष्करी गाडीच्या जागी आलेली जेएलटीव्ही सहा टनांच्या वर भरते. आपली जिप्सी जेमतेम एक टनाची, तरी ती कुठेही जायची. मग नव्या पिढीच्या हलक्या लष्करी गाड्यांत ऑफ-रोडसाठी नेमकी सुधारणा काय झाली? आणि आम्हाला प्रोजेक्टमध्ये अशा गाडीचं सस्पेन्शन आखायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?"

माझी नोकरी लष्कराच्या गाड्या तपासण्यात आणि दुरुस्त करण्यात गेली, त्यामुळे हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. जरा लांबण लागेल, पण नीट सांगतो.

तुमचं निरीक्षण बरोबर आहे. जिप्सी हलकी होती, म्हणून जायची. नव्या गाड्या जड आहेत आणि त्या जड का झाल्या हे समजलं नाही तर त्यांतली एकही सुधारणा समजणार नाही. गेल्या वीस वर्षांत या गाड्यांच्या चाकांत, सस्पेन्शनमध्ये (चाक आणि गाडी यांच्यामधल्या स्प्रिंगांच्या जोडणीत), टायरमध्ये जे काही आलं, त्यातलं बहुतेक सगळं चिलखताच्या वजनाची भरपाई म्हणून आलं आहे. गाडी हलकीच राहिली असती तर त्यातल्या निम्म्या गोष्टींची गरजच पडली नसती.

सुरुवात हम्वीपासून करू. मार्च १९८३ मध्ये एएम जनरल या अमेरिकी कंपनीला ५५,००० गाड्यांचं कंत्राट मिळालं. मूळ एम९९८ गाडी रिकामी सुमारे २,३५० किलोची, इंजिन ६.२ लिटरचं डिझेल, १५० अश्वशक्तीचं. तिच्या आराखड्याचं कौतुक आजही करावंसं वाटतं. इंजिनापासून चाकापर्यंतचा सगळा गिअरचा पसारा त्यांनी उचलून चासीच्या आत, वर नेला. चाकाच्या हबमध्ये वेगळा गिअर बसवला, त्यामुळे चाकाकडे येणारा शाफ्ट चाकाच्या मध्यापेक्षा वर राहतो. पोट जमिनीपासून ४१ सेंटिमीटर वर. हबमधला गिअर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १.९२ पट वाढवतो, म्हणजे त्यामागचे शाफ्ट आणि डिफरन्शियल (दोन्ही बाजूंच्या चाकांत टॉर्क वाटणारा गिअर) तेवढे हलके करता येतात. ब्रेकसुद्धा चाकात न ठेवता आत, डिफरन्शियलला लागून ठेवले. चाकासोबत उड्या मारणारं वजन कमी झालं आणि ब्रेक चिखलापासून लांब गेले. या सगळ्याची किंमत आत बसणाऱ्यांनी मोजली. केबिनच्या मधोमध हा पसारा येतो, म्हणून एवढ्या रुंद गाडीत चार जण चार कोपऱ्यांत अंग चोरून बसतात.

तिच्या डिफरन्शियलची एक गंमत चालकांना शिकवावी लागायची. टॉर्सन जातीचं डिफरन्शियल घसरणाऱ्या चाकाला जेवढा टॉर्क घेता येतो त्याच्या काही पट टॉर्क पकड असलेल्या चाकाला देतं. पण एक चाक पूर्ण हवेत गेलं की ते शून्य टॉर्क घेतं, आणि शून्याची कितीही पट शून्यच. त्यावर उपाय म्हणजे एक्सिलरेटर दाबलेला ठेवून ब्रेक हलकेच दाबायचा. हवेतल्या चाकाला ब्रेकचा भार मिळतो आणि दुसऱ्या बाजूला टॉर्क जातो. आजच्या गाड्यांत हेच काम संगणक करतो, एकेका चाकाचा ब्रेक स्वतंत्र लावून. त्याला आपण ट्रॅक्शन कंट्रोल म्हणतो.

इथे माझं एक ठाम मत आहे. ट्रॅक्शन कंट्रोल चाक घसरल्यावर जागं होतं. खडकावर, बर्फावर तेवढं चालतं. पण पावसाळ्यातल्या काळ्या मातीत चाक एकदा घसरलं की टायरच्या नक्षीत माती गच्च भरते, टायर गुळगुळीत होतो आणि पुढे संगणकाने काहीही केलं तरी गाडी जागची हलत नाही. अशा जमिनीसाठी आधीच लॉक करता येणारं, म्हणजे दोन्ही चाकं एकत्रच फिरवणारं, डिफरन्शियल हवंच. चालकाने चिखलात शिरण्याआधी ते लावायचं असतं, फसल्यावर नव्हे.

मग इराक आलं. रस्त्यात पुरलेल्या स्फोटकांपुढे पातळ पत्र्याची आणि सपाट पोटाची हम्वी टिकत नव्हती. चिलखत चढवलेली एम१११४ रिकामीच सुमारे ४,४०० किलोची झाली. इंजिन वाढवून १९० अश्वशक्तीचं केलं, तरी हिशेब बघा: मूळ गाडीला टनामागे ६४ अश्वशक्ती मिळत होती, ती ४३ वर आली. त्याहून गंभीर गोष्ट सस्पेन्शनची. जाड स्प्रिंग टाकून गाडी परत पहिल्या उंचीवर आणता येते, पण आर्म, बॉल जॉइंट, हब, बेअरिंग, ब्रेक हे सगळे मुळात जवळजवळ निम्म्या वजनासाठी बेतलेले असतात. ते झिजतात, वाकतात, तुटतात. वर मशीनगनचा बुरूज आणि जाड काचा आल्याने गुरुत्वमध्य वर सरकतो आणि गाडी उलटण्याची भीती वाढते. दुरुस्तीच्या शेडमध्ये काम केलेल्या माणसाला हे आकडे पाहायची गरज नसते. एकच भाग वारंवार बदलायला येऊ लागला की गाडीवर काहीतरी जास्तीचं चढवलं आहे, हे कळतंच.

२००७ पासून अमेरिकेने एमआरएपी जातीच्या अवजड, इंग्रजी व्ही आकाराच्या पोटाच्या गाड्या घाईने आणल्या. व्ही आकारामुळे स्फोटाचा झोत दोन्ही बाजूंना फाकतो. इराकच्या डांबरी रस्त्यांवर त्यांनी असंख्य जीव वाचवले. अफगाणिस्तानात मात्र रस्तेच नव्हते. त्या उंच, जड गाड्या डोंगराच्या कडेने जाताना उलटत. म्हणून ३० जून २००९ रोजी ऑशकॉश या अमेरिकी कंपनीला एम-एटीव्ही या आडरानात चालणाऱ्या चिलखती गाडीचं कंत्राट मिळालं. मोठ्या ट्रकवर आधी वापरलेलं टॅक-४ नावाचं स्वतंत्र सस्पेन्शन या गाडीला बसवलं, चाकाला वर-खाली जायला सुमारे ४० सेंटिमीटर जागा. गाडी जड होती, पण आडरानात चालली. त्याच अनुभवावर त्याच कंपनीने पुढे जेएलटीव्हीची स्पर्धा २५ ऑगस्ट २०१५ रोजी जिंकली. तिचं सस्पेन्शन टॅक-४आय. त्यात चाकाचा प्रवास २० इंच, म्हणजे ५०८ मिलिमीटर.

हा ५०८ मिलिमीटरचा आकडा कुठून येतो? तुमच्या प्रोजेक्टचं मूळ इथेच आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

स्प्रिंगवर उभी असलेली गाडी स्वतःच्या वजनाने किती दबते यावरून तिची नैसर्गिक कंपनसंख्या ठरते. सोपं सूत्र पाठ करा: दबाव (म्हणजे गाडी किती खाली बसते ते) सेंटिमीटरमध्ये बरोबर २५ भागिले कंपनसंख्येचा वर्ग. सेकंदाला २ कंपनं असणारी गाडी साधारण ६ सेंटिमीटर दबते. ती टणक असते, दगडावर आदळली की पाठीचा मणका सांगतो. सेकंदाला १.५ ला ११ सेंटिमीटर. सेकंदाला १ हवं असेल, म्हणजे खऱ्या अर्थाने मऊ गाडी, तर २५ सेंटिमीटर दबाव आला. आता गाडी उभी असतानाच २५ सेंटिमीटर खाली बसली आहे, आणि उंचवट्यावर चाक वर जायला आणखी तेवढीच जागा ठेवायची म्हटली तर एकूण ५० झाले. सेकंदाला एक कंपन आणि पुरेशी उसळी या दोन अटी घातल्या की अर्धा मीटर प्रवास आपोआप निघतो. या सूत्रात वजन कुठेच नाही, हेही लक्षात घ्या. जिप्सी असो वा जेएलटीव्ही, मऊपणाला लागणारी जागा तेवढीच. जिप्सीला ती नव्हती. कमानपाट्यांवर आणि अखंड अ‍ॅक्सलवर बसलेली ती गाडी हळू चालवली तर कुठेही जायची. खडबडीत जमिनीवर वेगाने नेली की माणसं उखळून निघायची.

वेग कशासाठी हवा, असं कुणी विचारेल. आडरानात वेग हेही संरक्षणच आहे, कारण रस्ता सोडता आला तर रस्त्यातल्या सुरुंगांवरून जावंच लागत नाही. आणि खडबडीत जमिनीवर वेगाला मर्यादा इंजिन घालत नाही, चालकाचं शरीर घालतं. अमेरिकी लष्कराच्या संशोधकांनी यासाठी एक मोजमाप रूढ केलं: आसनातून चालकाच्या शरीरात शोषली जाणारी शक्ती, वॉटमध्ये. ६ वॉट ही मर्यादा धरतात. ठरावीक खडबडीतपणाच्या पट्ट्यावर गाडी कुठल्या वेगाला ६ वॉट गाठते, तो तिचा खरा ऑफ-रोड वेग. जाहिरातीतला ताशी ११०-१२० चा आकडा बाजूला ठेवा आणि हा आकडा विचारा.

टॅक-४आयमध्ये पोलादी कॉइलऐवजी उच्च दाबाचा नायट्रोजन वायू स्प्रिंगचं काम करतो. वायू सुरुवातीला मऊ असतो आणि दाबला जाईल तसा झपाट्याने कडक होतो, त्यामुळे मोठ्या आदळआपटीतही चाक शेवटच्या ठोकळ्यावर सहसा जाऊन आपटत नाही. रिकामी आणि भरलेली गाडी यांत मोठा फरक असला तरी उंची तीच राखता येते. चालक गाडी उंच-नीच करू शकतो: जहाजाच्या कमी उंचीच्या डेकवर चढवताना खाली, खडकाळ ओढ्यात वर. ब्रिटिशांची जॅकल २००८ पासून अफगाणिस्तानात होती, तिलाही हवेच्या स्प्रिंगवर उंची बदलता येते. तोटाही सांगितला पाहिजे. पाटा तुटला तर लोहार जोडून देतो, निदान लाकडाचा ठोकळा बांधून गाडी तळावर आणता येते. वायूचं सील गेलं तर तिथेच सुटा भाग आणि शिकलेला माणूस लागतो.

शॉकअपकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. स्प्रिंग ऊर्जा साठवून परत देते, शॉकअप तिची उष्णता करतो. पत्र्यासारख्या लाटा पडलेल्या कच्च्या रस्त्यावर जड गाडी तासभर चालवून उतरा आणि शॉकअपजवळ हात न्या. हात लावता येणार नाही इतका तो तापलेला असतो. तेल तापून पातळ झालं की अडवणूक संपते, गाडी उड्या मारू लागते आणि चाक जमिनीवर टेकतच नाही. गाडीचं वजन वाढलं की जास्त तेलाचे, मोठे शॉकअप का लागतात, त्याचं कारण हे.

आता टायर. माझ्या हातात एकाच सुधारणेचा पैसा असता तर मी तो इथे घातला असता. मऊ जमिनीवर टायरखालचा दाब ढोबळमानाने टायरमधल्या हवेच्या दाबाइतका असतो. भरलेली गाडी आठ टनांची, एका चाकावर दोन टन. टायरमध्ये ५० पीएसआय हवा असेल तर जमिनीला टेकणारा भाग साधारण ५७० चौरस सेंटिमीटर. हवा २० पीएसआयवर आणली की तोच भाग चौदाशेच्या पुढे जातो. वाळूत फसलेली गाडी एवढ्यानेच बाहेर आलेली मी पाहिली आहे, ना विंच ना टोचन. तरी चालक हवा काढायला तयार नसतात, कारण पुढे पक्का रस्ता लागला की ती परत भरायची कशाने? म्हणून केबिनमधून चारही चाकांची हवा कमी-जास्त करणारी यंत्रणा हवी. ही कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकेच्या डीयूकेडब्ल्यू या पाण्यात-जमिनीवर चालणाऱ्या ट्रकला ती होती, सोव्हिएत झिल-१५७ लाही होती. नव्या हलक्या गाड्यांत ती आता नेहमीची झाली आहे, आणि फार उशिरा झाली असं मला वाटतं.

पण हवा कमी केली म्हणून जड गाडी हलकी होत नाही. दाब सारखा असला तरी मोठ्या चाकाचा भार जमिनीत जास्त खोल पोचतो. वर वाळलेली खपली आणि खाली ओला गाळ असेल तर हलकी गाडी खपलीवरून निघून जाते, आठ टनांची तीच खपली फोडते. आणि ती फसली की तिला ओढायला तेवढीच दुसरी गाडी, तेवढाच जाड दोर आणि पाय रोवायला पक्की जागा लागते. जिप्सीला सहा जवान ढकलून काढत.

जेएलटीव्हीने पंचवीस-तीस वर्षांची उणीव भरून काढली हे खरं, पण ती निर्दोष नाही. पेंटागॉनच्याच चाचणी विभागाने २०१८ च्या वार्षिक अहवालात ती लढाईसाठी परिणामकारक ठरवली, आणि त्याच वेळी विश्वासार्हता, देखभाल आणि आतून बाहेरचं दिसणं यांतल्या त्रुटींमुळे वापरायला योग्य नाही असंही नोंदवलं. जाड काच, लहान खिडक्या, उंच बॉनेट यामुळे चालकाला चाकाजवळची जमीन दिसत नाही. ऑफ-रोडमध्ये हा मोठा दोष आहे. दगड दिसला तरच तो टाळता येतो. कॅमेरे मदत करतात, पण चिखलाचा एक शिंतोडा उडाला की पडदा काळा. फेब्रुवारी २०२३ मध्ये पुढच्या ए२ आवृत्तीचं कंत्राट ऑशकॉशकडून परत एएम जनरलकडे गेलं. ऑशकॉशने जानेवारी २०२२ मध्ये संकरित विजेवर चालणारी आवृत्तीही दाखवली होती. विजेची मोटर शून्य वेगालाही पूर्ण टॉर्क देते, दगडावर इंचाइंचाने चढताना ते सोन्यासारखं आहे.

त्याच वेळी अमेरिकेने उलट्या दिशेलाही पाऊल टाकलं, आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे. जून २०२० मध्ये जनरल मोटर्सच्या संरक्षण शाखेला इन्फंट्री स्क्वॉड व्हेइकल नावाच्या गाडीचं कंत्राट मिळालं. शेव्हरोले कोलोरॅडो झेडआर२ या बाजारात मिळणाऱ्या पिकअपवर बेतलेली, सुमारे ९० टक्के भाग बाजारातलेच. वजन जवळपास २,२७० किलो, भार सुमारे १,४५० किलो, नऊ जवान. चिलखत नाही, दारं नाहीत, छप्परही नाही. ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरखाली टांगून नेता येते, चिनूकच्या पोटात मावते. मे २०२५ मध्ये अमेरिकी सैन्याने हम्वी आणि जेएलटीव्ही दोन्हींची पुढची खरेदी थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. ड्रोनच्या काळात वरून येणाऱ्या माऱ्यापुढे जाड चिलखत किती उपयोगी, हा वाद पुढे चालूच राहील. पण वजनाला जास्तीत जास्त भार आणि चपळाई मोजली तर ही साधी गाडी वरचढ आहे, आणि ती वरचढ ठरण्याचं कारण जिप्सीचंच आहे.

आपल्याकडे जिप्सीनंतर २०१७ मध्ये टाटा सफारी स्टॉर्मच्या ३,१९२ गाड्यांची मागणी नोंदवली गेली. जास्त ताकद, ८०० किलो भार, बंद आणि पक्की केबिन. जुने चालक तिला जड म्हणत, आणि अरुंद डोंगरवाटेवर त्यांचं म्हणणं मला पटतं. मार्च २०२१ मध्ये महिंद्राशी १,३०० हलक्या चिलखती गाड्यांचा सुमारे १,०५६ कोटींचा करार झाला. तीच अरमाडो, जून २०२३ पासून सैन्याकडे येऊ लागली. २१५ अश्वशक्तीचं ३.२ लिटर इंजिन, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, पुढे-मागे लॉक होणारी डिफरन्शियल, टायरची हवा केबिनमधून कमी-जास्त करण्याची सोय. वर सांगितलेली जवळजवळ सगळी यादी एका देशी गाडीत आली, याचा मला मनापासून आनंद आहे.

पण आपली एक अडचण अमेरिकेच्या आराखड्यांतून सुटत नाही. पूर्व लडाखमध्ये ५,००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के. टर्बो नसलेलं ८० अश्वशक्तीचं इंजिन तिथे पन्नासच्या आत येतं. टर्बो बरीच तूट भरून काढतो, पण तो फिरू लागेपर्यंतच्या क्षणात, चढावर थांबून पुन्हा निघताना, इंजिन दमछाक झाल्यासारखं वागतं. तिथे लो गिअर पुरेसा खोल नसेल तर क्लच जळतो किंवा गिअरबॉक्सचं तेल उकळतं. हिवाळ्यात साध्या डिझेलमध्ये मेण धरतं आणि फिल्टर तुंबतो. नोव्हेंबर २०१९ पासून इंडियन ऑइलचं उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल लडाखमध्ये मिळू लागलं, तेव्हा कितीतरी पहाटे वाचल्या. रबरी सील, शॉकअपचं तेल, वायूच्या स्प्रिंगचा दाब हे सगळं थंडीत बदलतं. नायट्रोजनचा दाब तापमानासोबत उतरतो, म्हणून रात्री उभी केलेली गाडी सकाळी खाली बसलेली दिसते. उंची आपोआप सावरणारी यंत्रणा थंडीत नीट चालते का, हे आधी तपासायला हवं.

आता तुमचा प्रोजेक्ट. लगेच संगणकावर, कॅडमध्ये, आर्म काढायला बसू नका. आधी गाडीचं रिकामं आणि भरलेलं वजन कागदावर लिहा आणि त्यात किमान एक चतुर्थांश वाढ धरा, कारण लष्करी गाडीवर वर्षागणिक काहीतरी चढतच जातं: रेडिओ, जाळी, पाण्याचे कॅन, ड्रोन अडवणारी उपकरणं. मग कंपनसंख्या ठरवा. १.२ धरलीत तर दबाव १७ सेंटिमीटर येईल, वरची उसळी निदान तेवढीच ठेवा. मग हा सगळा प्रवास होताना हाफ-शाफ्टच्या (डिफरन्शियलपासून चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टच्या) जॉइंटला किती कोन येतो ते तपासा. बहुतेक विद्यार्थ्यांचे आराखडे इथेच अडकतात, आणि मग डिफरन्शियल वर उचलावं लागतं किंवा आर्म लांब करावे लागतात. पुढे चाक पूर्ण वर आणि पूर्ण वळलेलं असताना ते बॉडीला घासतं का ते पाहा. टायरचं माप, हवेचे किमान दोन दाब आणि त्यांवर जमिनीला टेकणारं क्षेत्रफळ लिहा. स्प्रिंग पोलादी की वायूची, हा निर्णय शेवटी घ्या. तुमच्या वजनाला आणि बजेटला मी पोलादीच सुचवीन.

आणि एक मोजणी अवश्य करा. जमिनीत शंकूच्या टोकाची सळई दाबून लागणारा जोर मोजणारं साधं उपकरण कृषी महाविद्यालयांत सहसा असतं. काळ्या मातीच्या शेतात ते पावसाआधी एकदा, मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी एकदा लावा, दर पाच सेंटिमीटर खोलीला आकडा नोंदवा. दोन्ही आलेख शेजारी ठेवलेत की टायरची रुंदी किती घ्यायची, यावर तुमच्या गटात वाद उरणार नाही.